‘पन्नास वर्षं मंडळीत काढली, आता परत पहिलीत नाव घालू?’ : शिष्यत्वाच्या गटांबद्दल सोप्या भाषेत

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हल्ली एक सूचना वरचेवर दिसते : ‘डिसायपलशिप (शिष्यत्व) ग्रुप सुरू करत आहोत. इच्छुकांनी नावं द्यावीत.’ आमच्या मंडळीत ती आली त्या रविवारी उपासनेनंतर आवारात चहा घेताना एक ज्येष्ठ काका माझ्याजवळ सरकले. म्हणाले, “माझा बाप्तिस्मा आईच्या कडेवर झाला. दृढीकरण झालं चौऱ्याहत्तर साली. पन्नास वर्षं मंडळीत काढली. आता परत शिष्य व्हायचं म्हणजे काय, पहिलीत नाव घालू?” शेजारी त्यांच्या सौ. उभ्या होत्या. त्यांची शंका वेगळी होती : “सूचनेत अकाउंटेबिलिटी पार्टनर लिहिलंय. म्हणजे बँकेच्या कर्जाला जामीन राहतात, तसं काही आहे का?”

हसू आलं, पण दोन्ही प्रश्न रास्त होते. बाहेरचे शेजारी विचारतात ते वेगळंच : हा धर्मांतराचा काही नवा प्रकार आहे का? तर हे नातं काय असतं, ते का लागतं, त्यातून सवयी कशा घडतात आणि ते कुठे बिघडतं, हे जरा निवांत पाहू.

आधी शब्द : शिष्य म्हणजे कोण?

बायबलच्या नव्या करारात ‘ख्रिस्ती’ हा शब्द फक्त तीनदा येतो. ‘शिष्य’ मात्र अडीचशेहून जास्त वेळा. त्यातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर सरळच म्हटलंय की शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया शहरात मिळालं. म्हणजे आधी शिष्य, मग ख्रिस्ती. काकांना वाटत होतं तसं ‘शिष्य’ हे ख्रिस्ती माणसाचं वरच्या इयत्तेतलं किंवा खालच्या इयत्तेतलं नाव नव्हे; ते त्याचं मूळचं नाव आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’. मराठीत गोची अशी की ‘शिष्य’ म्हटलं की लगेच समोर गुरू उभा राहतो, पाया पडणं येतं, गादी येते. इथे तसं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) २३व्या अध्यायात येशू बजावून सांगतो की स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका. तुमचा गुरू एकच, बाकी तुम्ही सगळे भाऊ. तालीम डोळ्यांसमोर आणा. वस्ताद एकच असतो, पण आखाड्यात नव्याने उतरलेल्या पोराला पहिली पकड शिकवतो तो चार वर्षं माती अंगाला लावलेला जुना पट्ठा. तो काही वस्ताद होत नाही. त्याचं काम एवढंच की पोराला लाज वाटू नये आणि मान मोडू नये.

तर शिष्यत्वाचं नातं म्हणजे : विश्वासाच्या वाटेवर थोडा पुढे गेलेला एक माणूस आणि दोन-चार बरोबरीचे, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुदतीपर्यंत भेटतात, प्रार्थना, वचनवाचन, क्षमा, दान यांसारख्या सवयी एकत्र लावून घेतात आणि त्या लागतायत की नाही हे एकमेकांना खरं खरं सांगतात. जामीन वगैरे कुणी नाही. ‘विचारणारं माणूस’ हा ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’चा साधा अर्थ, आणि मला तोच जास्त आवडतो.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आलं. ही माणसं आधीपासून मंडळीतली असतात. प्रश्न ‘कोणत्या धर्मात’ हा नसतो, तर ‘रविवारी म्हणतो ते बुधवारी जगतो का’ हा असतो.

पण त्यासाठी रविवारचा उपदेश आहे की

आहे, आणि तो हवाच. पण उपदेशाने माहिती मिळते, सवय लागत नाही. पोळी ऐकून कुणाला आली आहे का? कणीक किती सैल, तवा किती तापलेला, पोळी उलटायची कधी, हे सगळं आईच्या शेजारी उभं राहून, पहिल्या वीस पोळ्यांचे नकाशे करून येतं. यूट्यूबवर बघून शिकलेलेसुद्धा शेवटी कुणाला तरी फोन करतातच.

येशूने बारा जण निवडले तेव्हा का निवडले, हे मार्क त्याच्या शुभवर्तमानात सांगतो. पहिलं कारण आहे ‘त्यांनी आपल्याबरोबर असावं’. उपदेशाला पाठवणं नंतर येतं. आणि लूकच्या ११व्या अध्यायात एक छान जागा आहे. येशू एके ठिकाणी प्रार्थना करत होता. ती संपल्यावर एक शिष्य म्हणतो, प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. आधी बघितलं, मग हाव सुटली, मग विचारलं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना लूक सांगतो त्याप्रमाणे अशी, कुणाला तरी प्रार्थना करताना पाहून मागितलेली आहे. कुठल्या अभ्यासक्रमात ती आधी छापलेली नव्हती.

पौल या प्रेषिताने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर चार पिढ्या एका वाक्यात बसवल्या आहेत : माझ्याकडून तू ऐकलंस, ते विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांनाही शिकवतील. आणि त्याच पत्राच्या सुरुवातीला पौल आठवण करून देतो की तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आई युनीकेत. म्हणजे या साखळीची पहिली कडी पौल नव्हे. एक आजी आहे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांत असंच घडलं आहे. शिष्यत्वाचा शब्द कुणी उच्चारला नाही, पण जेवणाआधी डोळे मिटायला आजीनेच शिकवलं.

सवय लागते कशी, आणि ‘२१ दिवसां’चं काय?

२१ दिवस केलं की सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. उपदेशातही ऐकलंय मी. हा आकडा एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून फिरत आला. त्यांचं निरीक्षण होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात. प्रार्थनेशी त्याचा काही संबंध नव्हता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे पाहिलं. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज एकाच खुणेला बांधायची, जसं न्याहारीनंतर. कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण पसारा केवढा : कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशेबाने २५४. पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर लागली, पोटाचे व्यायाम करण्याची उशिरा. आणखी एक दिलासा त्यात होता. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, सवय एखाद्या खुणेला टांगावी लागते. ‘रोज बायबल वाचेन’ हा संकल्प झाला. ‘चहाचं आधण ठेवलं की नीतिसूत्रे या बायबलमधल्या पुस्तकाचा एक अध्याय’ ही खूण झाली. नीतिसूत्रे ३१ अध्यायांची आहेत, म्हणून आमच्याकडचे जुने लोक तारखेप्रमाणे वाचतात. आज १४ तारीख, तर १४वा अध्याय. खूण कॅलेंडरवरच छापलेली! संपूर्ण बायबल वर्षात करायचं म्हटलं तर १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-सव्वातीन होतात. जानेवारीत उत्साहाने सुरू झालेल्या कितीतरी गाड्या लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकाच्या घाटात बंद पडतात. माझी सलग तीन वर्षं तिथेच पडली.

दुसरी गोष्ट मुदतीची. एवढे महिने नेट धरायचा तर एकट्याच्या निश्चयाने भागत नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर एकट्याने चालायला सांगा, निम्मे लोक दुसऱ्या मुक्कामाला एसटी पकडतील. तेच लोक दिंडीत चालत जातात, कारण पुढच्याची टाच दिसत असते आणि मागचा हाक मारत असतो.

गुरुवारची मेथी

एक गट जवळून दाखवते. आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी जमायचो. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी नाहीतर गवार. हात चालू राहिले की तोंड उघडतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं आहे. समोरासमोर खुर्च्या मांडून ‘तुझ्या आत्मिक जीवनाबद्दल सांग’ म्हटलं असतं, तर मी पहिल्याच गुरुवारी डोकेदुखीचं कारण सांगून घरी बसले असते.

त्या तीनच गोष्टी विचारायच्या. या आठवड्यात देवाशी बोललीस का? वचनातलं काय डोक्यात राहिलं? कुणाशी बिनसलंय का? तिसऱ्या प्रश्नाला मेथीच्या काड्या जास्त जोरात मोडल्या जायच्या.

एका गुरुवारी मी सांगितलं की सगळं ठीक आहे, वाचन चालू आहे. सिस्टरने नुसतं विचारलं, “आज कितवा अध्याय झाला?” तारीख २३. मला आठवेना. मी सहा दिवस वाचलंच नव्हतं, आणि जावेशी पंधरा दिवस बोलणं बंद होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माझाही मंगळवार सुटला. दवाखान्यात रांगेत होते आणि फोन बघत बसले. चल, उद्या सकाळी सहाला मी तुला मिस्ड कॉल देते, तूही उठलीस की मला दे.” बस, एवढंच. उपदेश नाही. दोन महिने तो मिस्ड कॉल येत राहिला. पहिले पंधरा दिवस मी उठायचे ती देवासाठी नव्हे, सिस्टरसाठी. याची मला लाज वाटायची, ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, लहानपणी शाळेत जायचीस ते आईच्या धाकाने. म्हणून काय वाचायला आलं नाही?

जावेची गोष्ट सुटायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. सगळ्या सवयी मिस्ड कॉलवर लागत नाहीत.

भिशीतून निघालेली गोष्ट

हे अमेरिकेतून आलेलं नवं फॅड आहे, असंही म्हणतात. नाव नवं आहे, गोष्ट जुनी. तिची सगळ्यात मजेदार सुरुवात इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात झाली.

१७४२ साल. जॉन वेस्ली या उपदेशकांच्या मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती चळवळीवर ब्रिस्टलच्या सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. बैठकीत एक कप्तान उठला आणि म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हटलं, पुष्कळांना तेही परवडत नाही. तो म्हणाला, तर मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याचं मी भरेन. इतरही तयार झाले. आपल्या भाषेत भिशीच म्हणा ना : बारा माणसं, एक वसुली करणारा, दर आठवड्याची फेरी.

पण हे लोक दारोदार जाऊ लागले तेव्हा पैशांबरोबर दुसरंच काही हाती येऊ लागलं. एकाने येऊन वेस्लींना सांगितलं, अमक्याच्या घरी गेलो तर तो बायकोशी भांडत होता. दुसऱ्याला कुणी दारू प्यायलेला सापडला. वेस्ली यांच्या लक्षात आलं, आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. वसुली करणारा माणूस आता काळजी घेणारा झाला. घरोघरी फिरणं अडचणीचं पडू लागलं. नोकर माणसांना मालकाच्या घरात भेटता येईना, आणि दोघांतला गैरसमज दोघं समोर असल्याशिवाय मिटेना. म्हणून मग बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. यालाच ‘क्लास मीटिंग’ म्हणत. प्रश्न साधारण एकच : तुझ्या जिवाचं कसं चाललंय? गटप्रमुख बायकाही असत, आणि १८व्या शतकात ही साधी गोष्ट नव्हती.

बचत गट चालवणाऱ्या बाईला यातलं मर्म सांगावं लागणार नाही. बँक कागद बघते. गटाला माहीत असतं कुणाच्या घरात काय शिजतंय. दहा-वीस बायकांत हप्ता बुडवणं अवघड जातं ते दंडाच्या भीतीने कमी आणि पुढच्या बैठकीत समोर बसायचंय म्हणून जास्त.

मेथडिस्टांच्या त्या सभा १९व्या शतकाच्या ओघात साचेबंद होत ओसरल्या. हजेरीचा नियम मागे उरला आणि खरं बोलणं आटलं. तीच तीच साक्ष, तेच तेच शब्द. हे आजच्या गटांचंही होऊ शकतं, आणि होतं.

आपल्याकडे हे होतं का?

होतं, निरनिराळ्या नावांनी. मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१च्या अखेरीस मुंबईत आले, तेव्हा त्यांनी चर्चच्या इमारतीपासून सुरुवात केली नाही. लोकांच्या घरांत भरणारे छोटे गट बांधले. त्यांची भाषा मात्र इंग्रजी आणि श्रोते मुख्यतः अँग्लो-इंडियन. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली जे आत्मिक जागरण झालं, त्याच्या आधी तिथल्या मुली-बायका रोज ठरलेल्या वेळी प्रार्थनेला गटाने बसत होत्या. जागरणाची वर्णनं लोक सांगतात. आधीची ती कंटाळवाणी वाटावी अशी रोजची बैठक फारशी कुणी सांगत नाही.

आणि नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणाऱ्यांचा तो बंधुभाव होता, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. शिष्य हा शब्द टिळकांनी मराठी मातीतूनच उचलला होता. भजन, कीर्तन, सत्संग यांची चाल त्यांना घरची होती. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार वाढू शकला नाही. तो चालता तर आज आपल्याला ‘डिसायपलशिप’ या शब्दाशी झटापट करावी लागली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

वसईत आणि गोव्यात कॅथलिक घरांतून संध्याकाळी सगळं कुटुंब मिळून जपमाळ म्हणतं. गोव्यात तिला तेर्स म्हणतात. तिथे ‘ग्रुप’ हा शब्द कुणी वापरणार नाही, पण ठरलेली वेळ, एकत्र आवाज आणि गैरहजर असलेल्याची चौकशी, हे सगळं आहेच.

‘ही गुरुबाजीच नाही का?’

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, म्हणून इथे जरा थांबते. हो, हे नातं गुरुबाजीत घसरू शकतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या पाच नामवंत उपदेशकांनी अशीच एक चळवळ उभी केली. कल्पना चांगली होती : प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक ‘मेंढपाळ’ असावा, जो त्याची वाढ बघेल. पण हळूहळू लग्न कुणाशी करावं, नोकरी बदलावी का, घर कुठे घ्यावं, हेही मेंढपाळाला विचारून ठरू लागलं. माणसं दुखावली, कुटुंबांत फूट पडली. त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफी मागितली.

घसरण ओळखायची कशी? माझी एक साधी कसोटी आहे : विचारणारं माणूस स्वतःचं सांगतं का? सिस्टरने स्वतःचा मंगळवार सांगितला. जिथे एकजण फक्त विचारतो आणि बाकीचे फक्त कबूल करतात, तिथे चौकशी चालली आहे, शिष्यत्व नाही. दुसरं, दार उघडं आहे का? गट सोडतो म्हटल्यावर ‘देवाची इच्छा मोडतोस’ असं ऐकू आलं तर त्याच दिवशी सोडावा. तिसरं, पैसा, लग्न आणि मत कुणाला द्यायचं, या तीन बाबतीत सल्ला मागितला तर द्यावा. हुकूम कधीच नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या गटप्रमुखाने ठरलेलं लग्न मोडायला लावलं. ‘प्रभूने मला दाखवलं’ एवढंच कारण. ती मुलगी आज कुठल्याच मंडळीत जात नाही. मी तिला दोष देऊ शकत नाही.

म्हणूनच काही रीती ठेवलेल्या बऱ्या. बायकांचे गट बायकांनी, पुरुषांचे पुरुषांनी चालवावे. अठराच्या आतल्या मुलांबरोबर एकट्या मोठ्या माणसाने बंद दाराआड बसू नये. दोन मोठे हवेत आणि आई-वडिलांना माहीत हवं. प्रमुखालाही विचारणारं कुणीतरी असावं.

‘कृपेने तारण आहे ना, मग हे नियम कशाला?’

प्रोटेस्टंट मंडळींत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारे बहुधा मनापासून विचारतात. सवयींनी तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत नाही, हे खरंच. पण मिळालेलं अंगात मुरवायला सराव लागतो. पौल तीमथ्याला सुभक्तीची कसरत करायला सांगतो. मूळ ग्रीक शब्द व्यायामशाळेतलाच आहे. आंदण मिळालेली पेटी कोपऱ्यात झाकून ठेवली तरी ती तुमचीच असते. फक्त वाजत नाही.

धोका मात्र आहे. वाचनाचे दिवस मोजता मोजता माणूस आकड्यांवर फुगतो, किंवा आकड्यांखाली दबतो. उपासाचं तर विचारूच नका. उपास करणारा घरातल्या सगळ्यांना उपासाची बातमी देतो, तेव्हा मत्तयाचा सहावा अध्याय त्याने वाचलेला नसतो किंवा वाचून विसरलेला असतो. यावर इलाज म्हणजे गटात आकडे कमी बोलावे, माणसं जास्त. ‘किती दिवस प्रार्थना केलीस’पेक्षा ‘कुणासाठी केलीस’ हा प्रश्न बरा.

‘माझं बोललेलं बाहेर गेलं तर?’

जातं. मंडळी लहान असते, सगळे एकमेकांचे नातेवाईक, आणि ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ असं म्हणून सांगितलेली बातमी वाऱ्यापेक्षा वेगाने पळते. आपल्या मंडळ्यांची ही जुनी खोड आहे, मान्य करू या. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यायचं : इथलं इथेच. घरी नवऱ्यालाही नाही. आणि विश्वास तपासत तपासत वाढवायचा. पहिल्या महिन्यात आळस कबूल करा, मोठ्या जखमा नंतर.

या गुप्ततेला एक अपवाद असतो, तोही आधीच सांगून ठेवावा. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, घरात मारहाण होत असली, मुलावर अत्याचार होत असला, तर गप्प बसायचं नाही. डॉक्टर, पोलीस, ज्याची गरज असेल त्याच्याकडे न्यायचं. झोप उडाली, जेवण तुटलं, महिनोन्‌महिने रडू येतंय, तर ती प्रार्थना कमी पडल्याची खूण नव्हे. आमच्या गटातल्या एकीला सिस्टर स्वतः मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेल्या, बाहेर बाकावर बसून राहिल्या, आणि गोळ्या वेळेवर घेतेस का हा त्यांचा चौथा प्रश्न झाला.

वेळ कुठून आणायचा?

आठवड्याला तास-दीड तास. त्याहून जास्त लागत असेल तर गप्पा जास्त होतायत. पाळकांवर हे ढकलता येत नाही, कारण दोनशे कुटुंबांच्या पाळकाला प्रत्येकाची मेथी निवडायला वेळ नसतो. येशूनेही हजारोंना शिकवलं, सत्तर जणांना पाठवलं, बारा जणांना बरोबर ठेवलं, आणि ज्या डोंगरावर त्याचं रूप तेजस्वी झालं तिथे नेले ते तिघेच : पेत्र, याकोब, योहान. शिफ्टमध्ये काम करणारे फोनवर भेटतात, दुबईतले आणि पुण्यातले एकाच व्हिडिओ कॉलवर बसतात. चालतं. पण महिन्यातून एकदा तरी एका ताटात जेवावं.

आणि हे संपतं कधी?

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचे, आठवतं? पहिले दिवस डबा, मग काका नुसता हात धरून, मग एक दिवस काका हात सोडून लांब होतात आणि तुम्हाला ते कळतही नाही. डबा जन्मभर बांधून पोहणाऱ्याला पोहता येतं असं कुणी म्हणणार नाही. शिष्यत्वाच्या गटालाही मुदत हवी. वर्ष, फार तर दीड-दोन वर्षं. आमचा गुरुवार अठरा महिने चालला. शेवटच्या दिवशी सिस्टरने आम्हा प्रत्येकीला एकच विचारलं, “आता तू कुणाला मिस्ड कॉल देणार?” मला पटकन नाव सुचलं नाही. आठवडाभराने सुचलं, आमच्याच सोसायटीत नवीन लग्न होऊन आलेली, एकटी पडलेली मुलगी. आम्ही मेथी निवडत नाही, तिला आवडत नाही. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारतो.

काकांचं म्हणाल, तर त्यांनी गटासाठी नाव दिलं नाही. पण त्यांचं तारखेप्रमाणे नीतिसूत्रांचं वाचन कित्येक वर्षांचं आहे, हे कुठून तरी कळल्यावर तरुण संघातली दोन मुलं दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊ लागली. मुलं बायबल घेऊन येतात, काका त्यांना भडंग खायला घालतात, आणि तिघं त्या तारखेचा अध्याय वाचतात. मागच्या रविवारी मी नुसतं विचारलं, कसा चाललाय तुमचा ग्रुप? काका जरा चिडलेच. म्हणाले, “ग्रुपबिप काही नाही. पोरं येतात, बसतात.”